शेवटच्या ओळीतला पैलवान

सकाळी साडेआठच्या सुमारास टोकियोतल्या कोकुगिकानमध्ये सुमोचा दिवस सुरू होतो. अकरा हजार माणसं मावतील एवढं ते सभागृह, पण या वेळी आत मोजकीच माणसं असतात: एखाद्या पैलवानाचे आईवडील, काही हौशी म्हातारे, आणि दिवसाची तयारी करणारे कामगार. मधोमध मातीचा चौथरा. त्यावर भाताच्या पेंढ्याच्या वळकट्या पुरून आखलेलं 4.55 मीटर व्यासाचं रिंगण. वर, छताला टांगलेलं देवळाचं छप्पर आणि त्याच्या चार कोपऱ्यांना चार रंगांचे गोंडे. संध्याकाळी योकोझुना, म्हणजे सर्वोच्च पदावरचे पैलवान, याच मातीवर उतरतील तेव्हा सभागृह दिव्यांनी आणि आरोळ्यांनी भरून गेलेलं असेल. आत्ता मात्र पंचसुद्धा अनवाणी आहे, त्याचा झगा गुडघ्यापर्यंत खोचलेला, कारण पंचांच्या उतरंडीत तोही सर्वांत खाली. पुकारा करणारा मुलगा पंखा उघडून धरतो, कोवळ्या ताणलेल्या आवाजात दोन नावं घेतो आणि दोन पैलवान चौथरा चढतात.

त्यांना मीठ उधळायला मिळत नाही, तोंड खळबळायला पाण्याचा घोटही नाही. ते मान वरच्या वर्गांचे. इथं एकमेकांना वाकून नमस्कार, पाय उंच उचलून जमिनीवर आपटणं, उकिडवं बसणं, मुठी मातीला टेकवणं आणि लगेच धडक. रिकाम्या सभागृहात त्या धडकेचा आवाज फार मोठा होतो. संध्याकाळी तो गर्दीत मुरून जातो. सकाळी तो नुसत्या अंगावर अंग आदळल्याचा आवाज असतो आणि शेवटच्या रांगेपर्यंत जातो.

हात्तोरिझाकुरा नावाच्या पैलवानाला मी पहिल्यांदा पाहिलं ते अशाच एका सकाळच्या चित्रफितीत. उंच पोरगा. खांद्यांची हाडं दिसतात, दंड सरळ खाली उतरतात. कमरेला काळ्या सुती कापडाचा पट्टा, कारण रेशमी पट्टा वरच्यांनाच. धडक झाली आणि तो ताठ झाला. वजन पुढे टाकायच्या क्षणी अंग मागे गेलं. मग त्याच्या टाचा मागे मागे सरकत गेल्या. रिंगणाची पेंढ्याची कड टाचेला लागते तेव्हा कसलेला पैलवान तिचाच आधार घेऊन पाय रोवतो आणि तिथून उलट रेटा देतो. सुमोतल्या कितीतरी सुंदर लढती त्या चार बोटांच्या कडेवर फिरल्या आहेत. त्याची टाच ती कड नुसती ओलांडून गेली. दोन-तीन सेकंदांत सगळं संपलं. जिंकलेला उकिडवा बसला, पंचानं त्याचं नाव उच्चारलं. हात्तोरिझाकुरा आपल्या बाजूला परत आला, नीट वाकला, आणि उतरून गेला. त्या वाकण्यात घाई नव्हती. मी ती चित्रफीत पुन्हा लावली ती लढतीसाठी नव्हे, त्या नमस्कारासाठी.

योकोहामाच्या पलीकडे, कानागावा प्रांतात समुद्रकाठी चिगासाकी नावाचं शहर आहे. तिथला हा मुलगा, 1998 सालचा जन्म. 2015 च्या सप्टेंबरात, सतराव्या वर्षी तो सुमोत आला. तेव्हा प्रवेशाला 167 सेंटीमीटर उंची आणि 67 किलो वजनाची अट होती. उंचीचा प्रश्न नव्हता. अंगावर मांस मात्र बेताचंच. 2021 च्या सप्टेंबरात तो निवृत्त झाला. या सहा वर्षांत जवळजवळ एकही लढत न चुकवता तो चौथऱ्यावर उभा राहिला आणि कारकिर्दीचा हिशेब झाला तो असा: विजय 3, पराभव 238. तिसरा विजय 2019 च्या जानेवारीतला. त्यानंतर जुलै 2021 पर्यंत सलग 104 पराभव. सुमोच्या नोंदींमध्ये इतकी लांब रांग दुसऱ्या कुणाच्या नावावर नाही.

हे आकडे वाचून लोक हसतात, मग हळहळतात. माझंही लक्ष आधी आकड्यांकडेच गेलं होतं. पण पुष्कळ दिवस मनात घोळत राहिला तो एक साधा प्रश्न. इतकं हरून माणूस तिथे राहू कसा शकतो? राहू देतात कसा?

त्याचं उत्तर सुमोच्या रचनेत आहे. पैलवानांचे सहा वर्ग असतात. सर्वांत वर माकुउची, त्यात 42 जण. त्याखाली ज्युर्यो, 28 जण. हे सत्तर जण म्हणजे पगारी पैलवान. ज्युर्योत पोचलेल्याला महिन्याला अकरा लाख येन मिळतात, स्वतंत्र खोली मिळते, सेवेला खालच्या वर्गातली पोरं मिळतात. त्याखालच्या चार वर्गांत शेकडो पैलवान, आणि त्यांना पगार नाही. दर दोन महिन्यांनी स्पर्धा होते तेव्हा थोडा भत्ता मिळतो. सर्वांत खालच्या, ज्योनोकुची वर्गाचा भत्ता सत्त्याहत्तर हजार येन. राहणं-खाणं तालमीत. प्रत्येक स्पर्धेआधी बान्झुके नावाचा मोठा तक्ता निघतो. पंचांपैकी एक जण तो हातानं लिहितो. योकोझुनाचं नाव जाड, ठसठशीत. खाली उतरत जावं तशी अक्षरं बारीक होत जातात, आणि शेवटच्या ओळीतली नावं केसाएवढ्या रेघांची, भिंग घेऊन वाचावी लागतील अशी. निम्म्याहून जास्त लढती जिंकल्या की नाव वर सरकतं, हरल्या की खाली.

पण शेवटच्या ओळीच्या खाली काही नाही. तिथे हरलेला माणूस कुठे ढकलायचा? तो तिथेच राहतो. स्पर्धेला हजर राहिला, रिंगणात उतरला, की पुढच्या तक्त्यात त्याचं नाव पुन्हा लिहिलं जातं. नाव पुसलं जातं ते गैरहजेरीनं. हरण्याला त्या ओळीवर शिक्षा उरलेली नाही. हात्तोरिझाकुराचं नाव सहा वर्षं त्या तक्त्यात राहिलं ते त्याच्या येण्यानं. प्रत्येक वेळी कुणीतरी कुंचला शाईत बुडवून, मन लावून, ते बारीक अक्षरांत पुन्हा काढलं.

जपानात साडेआठ वाजतात तेव्हा आपल्याकडे पहाटेचे पाच असतात. खालच्या वर्गांच्या लढती पाहायच्या तर त्याच वेळी. त्या वेळी घरात माझी आई आणि मी अशा दोघीच जाग्या असायचो. ती चहाचं आधण ठेवायची आणि माझ्या खांद्यावरून डोकावायची. सुमोचे नियम तिला ठाऊक नव्हते, विचारायचीही नाही. एकदा हात्तोरिझाकुरा उतरला, हरला, वाकून गेला. ती गाळणं हातात धरून उभीच होती. म्हणाली, “अगं, याला जेवायला तरी नीट घालतात का?”

घालतात, पण शेवटी. सुमोच्या तालमीत दिवस पहाटे उजाडतो आणि सर्वांत खालचा सर्वांत आधी उठतो. माती झाडायची, शिंपायची. मग पाय उचलून आपटायचे, शेकडो वेळा. पावलं न उचलता घासत पुढे जायचं. लाकडी खांबावर तळहातांनी धडका द्यायच्या. वरचे पैलवान नंतर उठतात, त्यांचा सराव झाला की त्यांच्या छातीवर धडक देत त्यांना रिंगणभर रेटायचं, आणि त्यांनी लोळवलं की पाठीला चिकटलेल्या मातीसकट पुन्हा उभं राहायचं. अकराच्या सुमारास आंघोळी. त्या वरून खाली. मग जेवण, तेही वरून खाली. मोठ्या पातेल्यात शिजलेला चान्को, त्यात मासे, कोंबडी, कोबी, टोफू. तो रांधणारी पोरं वाढायला उभी राहतात आणि मोठ्यांचं झाल्यावर पातेल्याच्या तळाशी जे राहिलं असेल ते त्यांचं. मग भांडी. मग सगळ्यांनी मिळून एकाच मोठ्या खोलीत झोपायचं. थंडीतही खालच्या दोन वर्गांनी बाहेर जाताना पातळ सुती युकाताच घालायचा आणि पायात लाकडी खडावा. कोट, मफलर हे वर चढून कमवायचं.

नवीन पोरासाठी हे दिवस सरणारे असतात. दोन-चार स्पर्धा, एखादं वर्ष, आणि तो वर जातो. त्याच्या जागी दुसरा येतो. हात्तोरिझाकुराच्या मागून आलेली मुलं त्याच्या डोळ्यांदेखत वर गेली. सुमोत आधी आला म्हणून कुणी मोठा होत नाही, तक्त्यावरचा क्रम हाच मोठेपणा. त्याच्यासाठी पहिलं वर्ष सहा वर्षं चाललं.

त्याची तालीम टोकियोच्या बाहेर, इबाराकी प्रांतातल्या र्यूगासाकी गावात. शिकिहिदे तिचं नाव. तिथले वस्ताद म्हणजे पूर्वीचे पैलवान किताझाकुरा. त्यांनाही पगारी वर्गात पोचायला दहा वर्षांहून जास्त काळ लागला होता, आणि पोचल्यावर ते मुठी भरभरून मीठ हवेत उधळायचे म्हणून प्रेक्षकांचे लाडके होते. इतकी वर्षं ज्यानं खालून वर पाहिलं आहे, अशा माणसाच्या तालमीत असा मुलगा टिकला याचं मला नवल वाटत नाही.

आता एक गोष्ट सांगायला हवी. ती सांगितल्याशिवाय त्याची सहा वर्षं कळत नाहीत. 2016 च्या सप्टेंबरात, म्हणजे येऊन वर्ष झालं होतं तेव्हा, एका लढतीत तो धडकेच्या क्षणी स्वतःहूनच खाली गेला. समोरच्याचा स्पर्श व्हायच्या आधी. लढत पुन्हा घ्यायला लावली, पुन्हा तसंच. सभागृहात होती तेवढी माणसं हसली. ती चित्रफीत पुढे जगभर फिरली आणि अजून फिरते. लढतीत जोर न लावणं हा सुमोत गंभीर दोष मानतात. त्याला कडक समज देण्यात आली.

ती चित्रफीत मी आवाज बंद करून पाहिली आहे. त्यात मला दिसते ती निखळ भीती. सुमोत वजनी गट नसतात. सत्तर किलोच्या पोरापुढे त्याच्या दुप्पट वजनाचा गडी येऊ शकतो. दोन पावलांच्या अंतरावर दोघं बसतात आणि डोकं पुढे घालून एकमेकांवर झेपावतात. कवटीवर कवटी आदळते. शूर पैलवानही सांगतात की पहिल्या धडकेची भीती कधीच जात नाही, तिच्यासकट पुढे जायला शिकायचं असतं. या मुलाच्या अंगाला ते त्या दिवशी जमलं नाही. अंगानं मनाचं ऐकलं नाही आणि साऱ्या जगानं ते पाहिलं.

इथे गोष्ट संपली असती तर समजण्यासारखं होतं. दरवर्षी कितीतरी मुलं याहून कमी कारणानं तालीम सोडतात, रात्री सामान उचलून निघून जातात. हा पुढच्या लढतीला आला. पुढच्या स्पर्धेला आला. नंतरची पाच वर्षं येत राहिला. जिथे आपली भीती उघडी पडली तोच चौथरा, तेच रिंगण, तीच धडक. पुढच्या वर्षांतल्या लढती पाहिल्या की दिसतं, तो हरतोय, पण धडक घेतोय. आता खांदा समोरच्याच्या छातीला लागतो. हात त्याच्या कमरेच्या पट्ट्याकडे जातात, कधी पट्टा सापडतोही, आणि एक-दोन क्षण वाटतं की आज जमेल. मग रेटा येतो. 2016 च्या त्या पोरापासून इथपर्यंत तो जे चालून आला ते अंतर मोजायला बान्झुकेत रकाना नाही.

आपल्याकडे गावच्या जत्रेत कुस्त्यांचा फड लागतो. दुपारी सुरुवातीला लहान पोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्या होतात. हलगी तेव्हा सावकाश वाजत असते, माणसं अजून जमत असतात. मोठ्या जोड्या संध्याकाळी सुटतात, तेव्हा फडाभोवती पाय ठेवायला जागा नसते. पण तांबड्या मातीत उतरताना रेवडीवरचा पोरगाही माती कपाळाला लावूनच उतरतो. ज्योनोकुचीच्या सकाळच्या लढती पाहताना मला ते फड आठवायचे. फरक एवढाच की आपल्याकडे ते पोरगं एक तर मोठ्या जोडीत जातं, नाही तर शेताकडे वळतं. दर वर्षी तिथेच उतरणारा जवान गडी आपण पाहिलेला नसतो. पाहिला असता तर फडातल्या जाणत्या म्हाताऱ्यांनी त्याला काय म्हटलं असतं? मला वाटतं, त्यांनी त्याच्या पाठीवरची माती झटकली असती.

खालच्या वर्गांत पंधरा दिवसांच्या स्पर्धेत प्रत्येकाला सात लढती मिळतात. जोड्या लावायची रीत अशी की सारख्या निकालाची माणसं एकमेकांसमोर येतात. तीन जिंकलेला तीन जिंकलेल्याशी, तीन हरलेला तीन हरलेल्याशी. त्यामुळे स्पर्धा पुढे सरकते तसा सगळ्या हरलेल्यांसमोर सगळ्या हरलेलाच येतो. म्हणजे हात्तोरिझाकुरासमोर उभा राहणारा पुष्कळदा असाच कुणी असायचा, जो त्या स्पर्धेत अजून एकदाही जिंकला नव्हता. नुकताच घरून आलेला पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा. दुखापतीनं वर्षभर बाहेर राहून तक्त्याच्या तळाशी परतलेला थोराड पैलवान. चाळिशीला टेकलेला, गुडघ्याला पट्टे बांधलेला कुणी जुनाजाणता. या लोकांना त्या दिवशी उकिडवं बसून आपलं नाव पंचाच्या तोंडून ऐकायला मिळालं ते याच्यामुळे. 238 वेळा. कुणाच्या घरी त्या संध्याकाळी फोन गेला असेल, आई, आज जिंकलो.

मी याला त्याग म्हणणार नाही. तो जिंकायलाच उतरायचा, आणि हरल्याचं वाईट वाटायचं थांबलं असेल असंही मी मानत नाही. पण खेळ म्हणजे शेवटी दोघांनी मिळून केलेली गोष्ट आहे. जिंकणाऱ्याला समोर कुणीतरी पूर्ण उभं लागतं. तो उभा राहिला.

पराभव वाढत गेले तशी त्याची कीर्तीही वाढली. सकाळी मुद्दाम त्याच्यासाठी लवकर येणारे लोक दिसू लागले. नावाचा पुकारा झाला की टाळ्या पडायच्या, ज्योनोकुचीत कुणाला पडत नाहीत अशा. जपानला हरणाऱ्यांचं प्रेम नवं नाही. कोची शहरातल्या शर्यतींच्या मैदानावर हारु उरारा नावाची घोडी होती. ती 113 शर्यती धावली आणि एकही जिंकली नाही. 2004 च्या मार्चमध्ये देशातला सर्वांत नामवंत जॉकी युताका ताके तिच्या पाठीवर बसला, मैदान ओसंडून गेलं, आणि अकरा घोड्यांत ती दहावी आली. लोकांनी तिला डोक्यावर घेतलं, बुडू घातलेलं मैदान तिच्यामुळे तरलं. ते प्रेम खरं होतं यात मला शंका नाही. तरी माणसावर असं प्रेम बरसतं तेव्हा मला त्या माणसाची काळजी वाटते. घोडीला आपण हरतोय हे ठाऊक नव्हतं. या मुलाला प्रत्येक आकडा ठाऊक होता. टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी कितीजण त्याच्या विजयासाठी आले होते आणि कितीजण आकडा एकानं वाढताना पाहायला, हे त्याला चौथऱ्यावरून कळत असणार. 2021 च्या जानेवारीत त्यानं कुस्तीतलं नाव बदललं, श्योनानझाकुरा झाला. नव्या नावात त्याच्या गावाकडच्या किनाऱ्याच्या नावाचा उच्चार होता आणि विजयाचं अक्षर होतं. नाव बदलून पाहणं हे आशा शिल्लक असल्याचं लक्षण. त्या तक्त्याच्या शेवटच्या ओळीत ते अक्षर लिहिलं गेलं याचा मला तेव्हा फार आनंद झाला होता.

त्याच्या तिसऱ्या विजयाची स्पर्धा, जानेवारी 2019 ची, सुमोच्या इतिहासात दुसऱ्याच कारणासाठी लक्षात राहिली आहे. तिच्या चौथ्या दिवशी योकोझुना किसेनोसातो निवृत्त झाला. किसेनोसातोचं बालपणही र्यूगासाकी आणि शेजारच्या उशिकूतच गेलं, म्हणजे शिकिहिदे तालमीच्या त्याच मुलखात. 2017 मध्ये तो योकोझुना झाला तेव्हा एकोणीस वर्षांनी जपानी मातीतला पैलवान त्या पदावर चढला होता. देशभर आनंद झाला. त्याच वर्षी मार्चमध्ये डाव्या छातीला आणि दंडाला जबर दुखापत झाली. त्यानंतर सलग आठ स्पर्धांना तो पूर्ण किंवा अर्धवट मुकला. परतला, पण ती ताकद परतली नाही. अखेरीस लागोपाठ आठ लढती हरला आणि त्याला थांबावं लागलं.

योकोझुनाला खाली आणता येत नाही. त्याच्या लगेच खालच्या पदावरच्या ओझेकीला आणता येतं, बाकी सगळ्यांना आणता येतं, योकोझुना मात्र एकदा झाला की झाला. म्हणून तो हरू लागला की त्याच्यापुढे एकच वाट उरते, निघून जाण्याची. सारा देश त्याच्याकडे त्याच अपेक्षेनं बघतो. उतरंडीची दोन्ही टोकं मला त्या महिन्यात पहिल्यांदा शेजारी शेजारी दिसली. वरच्या टोकाला खाली पायरी नाही, खालच्या टोकालाही नाही. वर आठ पराभव असह्य होतात आणि माणसाला उठवतात. खाली शंभर झाले तरी कुणी काही म्हणत नाही. वरच्याचं जाणं सगळ्यांचं असतं: बातम्या, विशेषांक, रडणारी माणसं. खालच्यानं कधी जावं, हे त्याचं त्यालाच ठरवायचं असतं.

पुढच्या वर्षी साथ आली. 2020 च्या मार्चमधली ओसाकाची स्पर्धा प्रेक्षकांविना झाली. योकोझुना उतरले तरी सभागृहात सन्नाटा. नमस्काराला प्रतिसाद नाही, धडकेचा आवाज भिंतींवर आपटून परत येतोय. मोठमोठ्या पैलवानांना ते जड गेलं, अंगात जोर कुठून आणावा कळेना असं झालं. टीव्हीवर ते पाहताना माझ्या मनात येत होतं, ही तर रोजची सकाळ आहे. साडेआठला उतरणाऱ्या पोरांनी हा सन्नाटा वर्षानुवर्षं ऐकला आहे आणि त्यातच पाय आपटले आहेत. बघायला कुणी नसताना रीत पूर्ण पाळणं, ही त्या शेवटच्या ओळीची विद्या.

जुलै 2021 ची नागोयाची स्पर्धा ही श्योनानझाकुराची शेवटची. सात लढती, सात पराभव. तीच स्पर्धा योकोझुना हाकुहोचीही शेवटची ठरली. पंधरा लढती, पंधरा विजय, पंचेचाळिसावं विजेतेपद. दोघंही त्याच सप्टेंबरात निवृत्त झाले. हाकुहोच्या खात्यात 1187 विजय, कुणाच्याही खात्यात नव्हते इतके. पण जुने तक्ते उघडून पाहिले की एक नोंद सापडते. 2001 च्या मे महिन्यात, मंगोलियातून आलेला तो किरकोळ पोरगा ज्योनोकुचीत पहिल्यांदा उतरला तेव्हा त्यानं तीन लढती जिंकल्या आणि चार हरल्या. त्या शेवटच्या ओळीत त्याचंही नाव होतं, तितक्याच बारीक अक्षरात. त्याचीही शिदोरी तीन विजयांचीच होती. तिथून दोन माणसं किती दूर जाऊ शकतात हे पाहायचं तर नागोयातल्या त्या एका पंधरवड्यात पाहून घ्यावं: सकाळी एक, संध्याकाळी दुसरा, आणि दोघांच्या पायाखाली एकच माती.

पैलवान निवृत्त होतो म्हणजे काय होतं, तर त्याचे केस कापले जातात. तालमीत आल्यावर केस वाढवायचे, गाठ बांधण्याइतके झाले की तेल लावून डोक्यावर गाठ बांधायची, आणि पैलवान आहोत तोवर ती उतरवायची नाही. मोठ्या पैलवानाची गाठ कोकुगिकानमध्ये उतरते. चौथऱ्यावर खुर्ची मांडतात, तो मोन्त्सुकी-हाकामा हा समारंभाचा पोशाख घालून बसतो, आणि शेकडो माणसं एकामागून एक येऊन सोनेरी कात्रीनं एकेक कात्रा देतात. शेवटचा कात्रा वस्तादांचा. खालच्या पैलवानाला एवढा सोहळा नाही. तालमीतल्या माणसांत, स्पर्धेनंतरच्या जेवणाच्या वेळी किंवा असंच कधीतरी, घरगुती रीतीनं त्याची गाठ उतरते. पण कात्री तशीच चालते, आणि गाठ सुटल्यावर मानेला अचानक हलकं वाटतं ते दोघांनाही सारखंच वाटत असणार. सतराव्या वर्षापासून त्या पोराच्या डोक्याला तेलाचा तो वास होता. तेविसाव्या वर्षी तो गेला.

निवृत्तीनंतर तो कुठे गेला, काय करतो याचा माग मी काढला नाही. तक्त्यावर होता तोवर तो सगळ्यांचा होता. आता तो त्याचा आहे. माझं मन अडकलं आहे ते थांबण्याच्या त्या निर्णयापाशी. आपल्या भोवतीही अशी माणसं असतात. वर्षानुवर्षं एखाद्या कामात टिकून राहतात, त्यात त्यांना यश म्हणावं असं काही मिळत नाही. गाण्याच्या क्लासला जाणारी, दर वर्षी परीक्षेला बसणारी, चालत नसलेलं दुकान रोज सकाळी झाडून उघडणारी. आपण त्यांना आधी चिकाटीसाठी वाखाणतो, मग हट्टी म्हणतो, आणि एके दिवशी त्यांनी ते काम सोडलं की हलक्या आवाजात म्हणतो, हरला बिचारा अखेर.

श्योनानझाकुराबद्दल तसं म्हणवत नाही. किसेनोसातोला पराभवानं उठवलं. हाकुहोला उजव्या गुडघ्यानं. या मुलाला नियमानं उठवणारं तिथे काहीच नव्हतं. तो आणखी दहा वर्षं त्या ओळीत राहू शकला असता आणि दर दोन महिन्यांनी कुणीतरी त्याचं नाव निमूट लिहिलं असतं. पराभवच त्याला घालवणार असता तर तो 2016 मध्येच गेला असता, सगळे हसले होते तेव्हा. 237 वेळा हरून तो परत आला होता. 238व्या पराभवात आधीच्यांहून निराळं काही नव्हतं. निराळा झाला होता तो स्वतः, आणि आता पुरे, हे त्याचं त्यानं ठरवलं.